दहा माणसं नसलेल्या गावात मुलांना आपला धर्म कसा शिकवावा

कोल्हापुरात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, नाही, आणि सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषही नाहीत. सगळ्यात जवळची दोन पुण्यात: कँपातलं ओहेल डेव्हिड, म्हणजे १८६७ चं लाल देऊळ, आणि रास्ता पेठेतलं १९२१ चं सुक्कथ शेलोमो. मुंबई-ठाण्याहून बदली होऊन कोल्हापूर, सांगली, कराडकडे आलेल्या आपल्या बेने इस्रायल (मराठी ज्यू) लोकांना घर मिळतं, शाळा मिळते, गॅसचं कनेक्शनही मिळतं. मग फोन येतो, ‘मावशी, मुलांचं काय करायचं?’ इथे प्रार्थना चालवणारा हज्जान नाही, हिब्रूचा वर्ग नाही, रविवारी जमायला चार घरं नाहीत. मी राजारामपुरीत राहते, गणिताची निवृत्त शिक्षिका आहे. आधी मुलांना आणि आता नातवंडांना घरीच शिकवते आहे. दर फोनला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते.

सिनेगॉग नाही म्हणजे शिक्षण नाही, ही समजूत आधी डोक्यातून काढा. मुंबईतलं आपलं पहिलं सिनेगॉग, शाआर हारहमीम, सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं ते १७९६ साली. नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही आपली मूळकथा त्याच्या कितीतरी शतकं आधीची. मधल्या सगळ्या काळात कोकणातल्या आपल्या गावांत ना सिनेगॉग होतं, ना पोथी, ना हिब्रू वाचणारा माणूस. होतं काय? शेमा, म्हणजे देव एकच असं सांगणारी प्रार्थना, पाठ होता. मुलाची सुंता आठव्या दिवशी व्हायची. शनिवारी तेलाचा घाणा बंद, म्हणून गाव आपल्याला ‘शनिवार तेली’ म्हणायचं. आणि खवल्याचाच मासा. हे सगळं घरात, बहुतेक बायकांच्या हातून चाललं.

शिकवणारे नंतर आले. दाविद राहाबी आले, त्यांनी झिराटकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना तयार केलं, त्यांना आपण काजी म्हणायला लागलो. १८२६ मध्ये कोचीनहून शिक्षक आले. पाद्री जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. त्यांचा हेतू आपल्याला ख्रिस्ती करण्याचा होता. आपण व्याकरण घेतलं आणि बाकीचं परत केलं. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी मुंबईत आपली शाळा काढली ती १८७५ ला. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. म्हणजे आपल्याकडे घर आधी आणि शाळा सगळ्यात शेवटी, हाच क्रम आहे. कोल्हापुरात तुम्ही तोच क्रम धरायचा आहे.

(हे गाव बोर्डिंगांचं. शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी वसतिगृहं उभी राहायला मदत केली. दसरा चौकातून जाताना मी नातवंडांना त्या इमारती दाखवते. समाजाने आपल्या मुलांची सोय स्वतः बघायची असते, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपली संख्या पाहता आपलं बोर्डिंग म्हणजे जेवणाचं टेबल.)

आधी कान, मग डोळे

मूल बोलायला लागलं की शेमा सुरू करा. अक्षरओळख होईपर्यंत थांबू नका. ‘शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद.’ उजवा हात डोळ्यांवर. पुढची ओळ, ‘बारुख शेम’ची, कुजबुजत. मुलांना ती कुजबूज फार आवडते, म्हणून त्यांना शेमा झोपताना आपणहून म्हणावासा वाटतो. अर्थ मराठीत सांगा, आणि कुठे आहे तेही दाखवा: मराठी बायबलात अनुवाद ६:४ ते ९. पुढचे दोन भाग अनुवाद ११:१३ ते २१ आणि गणना १५:३७ ते ४१. मराठी बायबल जवळ असू द्यात, त्यात काही वाईट नाही. उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद ही पाच पुस्तकं म्हणजे आपली तोरा. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढच्या ग्रंथांचा क्रम आपल्या तनाखपेक्षा, म्हणजे पूर्ण हिब्रू धर्मग्रंथापेक्षा, वेगळा आहे. आणि स्तोत्रांत हिब्रू प्रतीत मथळ्यालाच बऱ्याचदा पहिली ओवी धरतात, त्यामुळे आकडा एकाने पुढेमागे होतो. नाहीतर ऑनलाइन वर्गात शिक्षक पाचवी ओवी म्हणतात, ती मराठीत चौथी असते, आणि आपलं मूल पाचवीच शोधत बसतं.

शेमानंतर आशीर्वाद. भाकरीचा ‘हामोत्सी’, द्राक्षरसाचा ‘बोरे पेरी हागाफेन’. सराव करताना आम्ही देवाच्या नावाच्या जागी ‘हाशेम’ म्हणतो, खऱ्या वेळी पूर्ण नाव. यामुळे मुलाला खेळ आणि प्रार्थना यातला फरक न बोलता कळतो.

अक्षरं

पाचव्या-सहाव्या वर्षी अक्षरं. स्टेशनरीच्या दुकानातून गणिताची चौकटीची वही आणा. एका चौकटीत एक अक्षर, उजवीकडून डावीकडे. वही उलट बाजूने उघडायची, म्हणजे हात आपोआप योग्य दिशेने जातो. बावीस अक्षरं आहेत. त्यातली काफ, मेम, नून, पे आणि त्साडी ही पाच शब्दाच्या शेवटी रूप बदलतात. आठवड्याला दोन अक्षरं पुरे. गोंधळाच्या जोड्या कधीही एकाच आठवड्यात घेऊ नका: दालेत आणि रेश, बेथ आणि काफ, हे आणि हेत, वाव आणि झायिन. एक पक्कं बसलं की मगच त्याचं भावंड.

उच्चार लिहून द्यायची वेळ आली तर देवनागरीत लिहा, रोमन लिपीत नको. यावर माझं आणि सुनेचं मतभेदाचं राजकारण बरंच चाललं, शेवटी तिलाही पटलं. इंटरनेटवरून उतरवलेल्या कागदांत हेत हे अक्षर ‘सी-एच’ने लिहितात, आणि इंग्रजी शाळेत जाणारी आपली मुलं हनुक्का या दिव्यांच्या सणाला ‘चनुका’ आणि हल्ला पावाला ‘चल्ला’ म्हणतात. देवनागरीत ही भानगडच नाही. त्साडीचा उच्चार तर मराठी मुलाला जन्मतःच येतो, ‘चमचा’तला च म्हटलं की झालं. पहिलं वर्ष संपलं की मात्र देवनागरी काढून घ्या, नाहीतर डोळा तिथेच चिकटतो.

ऑनलाइन शिकवणारे बहुतेक इस्रायली उच्चार करतात: शब्बात (शनिवारचा विसाव्याचा दिवस), सुक्कोत (मांडवांचा सण). आपल्या सिनेगॉगांच्या पाट्यांवर बेथ एल, मागेन अबोथ असा ‘थ’ आहे, आणि माझ्या तोंडी शब्बाथच बसलंय. मुलांना दोन्ही कळू द्यात. वर्गात ‘त’, घरात ‘थ’. मुलं दोन उच्चार सहज सांभाळतात, मोठ्यांनाच घाई असते.

गणिताची बाई म्हणून माझा लाडका भाग म्हणजे अक्षरांच्या किमती. आलेफ १, बेथ २, असं योद १० पर्यंत, मग काफ २०, लामेद ३०, कोफ १००. ‘हाय’ म्हणजे जीवन, त्याची बेरीज हेत ८ आणि योद १० मिळून १८, म्हणून आपल्यात भेटीचे पैसे अठराच्या पटीत देतात. पंधरा लिहिताना दहा आणि पाच लिहीत नाहीत, कारण त्यातून देवाचं नाव होतं; नऊ आणि सहा लिहितात, तेथ-वाव. मुलांना रोज आपल्या नावाची बेरीज करायला सांगा. अक्षरं कधी पाठ झाली हे त्यांनाही कळत नाही.

शुक्रवारची तयारी

शब्बाथचा दिवा सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी. इथे एक लक्षात ठेवायचं: भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेली वेळ बहुधा मुंबईची असते. कोल्हापूर मुंबईच्या पूर्वेला आणि दक्षिणेला आहे, त्यामुळे इथे सूर्य आधी मावळतो. डिसेंबरात हा फरक जेमतेम मिनिटाचा, पण जूनमध्ये दहा मिनिटांचा. नोव्हेंबरच्या अखेरीस इथला सूर्यास्त सहाला दोन-तीन मिनिटं कमी असताना, जुलैच्या सुरुवातीला सात-दहाला. मुंबईची वेळ धरून जूनमध्ये दिवा लावलात तर अठरातली दहा मिनिटं गेलीच. फोनमध्ये शहर कोल्हापूर टाका आणि वर्षाची यादी छापून फ्रीजवर लावा. पावसाळ्यात इथे आठवडाभर सूर्य दिसत नाही, तेव्हा आकाशाकडे बघून काही करता येत नाही. शनिवारी तीन तारे दिसायचीही तीच गत, म्हणून आम्ही सूर्यास्तानंतर पाऊण तासाने हवदाला, म्हणजे शब्बाथ सोडवण्याचा विधी, करतो.

मेणबत्त्या असतील तर मेणबत्त्या. माझ्या आईकडे काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल तेल आणि कापसाची वात असायची. मी तेच करते. मुलांना वात वळायला द्या.

किद्दुशसाठी, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या शब्बाथच्या आशीर्वादासाठी, कोशर (आपल्या नियमांत बसणारी) वाइन इथे मिळत नाही, आणि तिची गरजही नाही. आपल्याकडे मनुकांचं सरबत पिढ्यान्पिढ्या चालत आलंय, आणि मनुकांच्या बाबतीत आपलं नशीब मुंबईकरांपेक्षा चांगलं, तासगाव-सांगली हाकेच्या अंतरावर. पाव किलो काळ्या मनुका घ्या. तेलकट चकाकणाऱ्या नको, कोरड्या, सुरकुतलेल्या. दोन पाण्यांत धुवा, देठ काढा. गुरुवारी रात्री तीन वाट्या पाण्यात भिजत घाला. शुक्रवारी सकाळी त्याच पाण्यासकट मंद आचेवर ठेवा, मनुका फुगून फुटायला लागल्या की उतरवा. गार झाल्यावर हाताने कुस्करा. मिक्सरमध्ये घालाल तर बिया भरडून कडवटपणा उतरतो. सुती फडक्यातून पिळून घ्या. साखर घालायची नाही. रंग दाट जांभळा-तपकिरी येतो. फ्रीजमध्ये ठेवा आणि त्या आठवड्यातच संपवा, कारण ते आंबतं. मनुका कुस्करायचं काम धाकट्याला द्या, हल्ला विणायचं थोरल्याला. पाव जमला नाही तर दोन चपात्या झाकून ठेवा. दोन का, तर वाळवंटात आपल्या पूर्वजांसाठी आकाशातून पडणारं अन्न, मान्ना, शुक्रवारी दुप्पट पडायचं. किद्दुशच्या आधी उत्पत्ती १:३१ ते २:३ मराठीत मोठ्याने वाचायला लावा.

हवदालासाठी लवंगा आणि वेलची एका डबीत. वेणीची मेणबत्ती नसेल तर दोन साध्या मेणबत्त्यांच्या वाती एकत्र धरल्या की चालतं.

इस्रायलमधल्या नातेवाइकांना फोन कधी करायचा, हे नव्या लोकांना हमखास विचारावं लागतं. ते आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच तास मागे आहेत. शुक्रवारी दुपारी करा. अश्दोदची आत्या तेव्हा स्वयंपाकात असते आणि मुलांना कढईतलं दाखवते. शनिवारी रात्री आपला शब्बाथ सुटला म्हणून लगेच फोन उचलू नका, त्यांचा अजून चालू असतो. रविवारी मात्र त्यांच्याकडे कामाचा दिवस.

पंचांग दोन, भिंत एक

मुलांना हिब्रू महिने शिकवायचे तर मराठी महिन्यांवरून शिकवा. दोन्ही पंचांगं चंद्राची, दोन्हींत महिना अमावास्येनंतर सुरू, दोन्हींत १९ वर्षांत ७ अधिक महिने. निसान म्हणजे चैत्र, सिवान ज्येष्ठ, आव श्रावण, तिश्री आश्विन, किसलेव मार्गशीर्ष, शवात माघ, अदार फाल्गुन. महिन्याची पंधरावी तारीख म्हणजे पौर्णिमा, पंचविसावी म्हणजे वद्य दशमी. पेसाह (मिसरातून सुटकेचा सण) चैत्री पौर्णिमेला, पुरीम (एस्तेर राणीचा सण) होळीला (आपल्या जुन्या लोकांनी त्याला होळीचा सणच म्हटलं), रोश हशाना (नवं वर्ष) घटस्थापनेच्या आसपास, योम किप्पूर (प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस) दसऱ्याला, सुक्कोथ कोजागिरीला. २०२५ साली पेसाहची रात्र आणि चैत्री पौर्णिमा दोन्ही १२ एप्रिलला होत्या, योम किप्पूर आणि दसरा दोन्ही २ ऑक्टोबरला.

पण हे गणित दरवर्षी जुळत नाही. हिब्रू पंचांगात जादा महिना नेहमी अदारच असतो, मराठी अधिक महिन्याची जागा फिरती. मराठी अधिक महिना होऊन गेला आणि हिब्रू पंचांगातला दुसरा अदार अजून यायचा असेल, तर मधल्या काळात आपले सण महिनाभर आधी येतात. २०२३ ला अधिक श्रावण होता. त्या वर्षी योम किप्पूर २५ सप्टेंबरला, ऐन गणपतीत आला. डॉल्बी दणाणत असताना पंचवीस तासांचा उपास करून बघा. तेव्हा तिथीवरून अंदाज घ्या, पक्की तारीख हिब्रू कॅलेंडरवरूनच. आणि सण आदल्या संध्याकाळी लागतो हे शाळेला कळवताना विसरू नका.

कोल्हापुरात याचे व्यवहारी परिणाम आहेत. चैत्री पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते. सासनकाठ्या, गुलाल, गाड्यांची रांग. मुंबईहून बसने मागवलेलं मात्झाचं (पेसाहच्या न फुगवलेल्या पोळीचं) पार्सल त्या दिवशी स्टँडवर आणायला जाऊ नका, आठवडाभर आधी मागवा. मात्झा नाहीच आला तर तांदळाची भाकरी. आपल्यात पेसाहला तांदूळ चालतो, आणि कोकणात पूर्वी भाकरीच होती. वर्ज्य आहेत ती गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट ही पाच धान्यं फुगवलेल्या रूपात. मिसळ घरी करा, ब्रेड मात्र आठ दिवस नाही.

पेसाहच्या रात्री हगादा, म्हणजे सुटकेच्या गोष्टीची पोथी, मराठीतून वाचा. आपल्याकडे १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठी असा हगादा छापला गेला. त्यातल्या चित्रांत लुगडं नेसलेल्या बायका मात्झा करताना दाखवल्या आहेत. ते चित्र मुलांना दाखवा. मिसरातून सुटलेल्यांची गोष्ट आणि आजीसारख्या दिसणाऱ्या बायका एकाच पुस्तकात पाहिल्या की त्या रात्री मुलांनी विचारायचे चार प्रश्न विचारायला त्यांना ढोसावं लागत नाही.

योम किप्पूरला जुने लोक दारफाळणीचा सण म्हणायचे: दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे, कुणाशी बोलायचं नाही. आता दसऱ्याच्या दिवशी कोल्हापुरात दार लावून बसणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. बेल वाजते, शेजारी सोनं घेऊन उभे. न उघडावं तर वाईट दिसतं. यावर उपाय आपल्याच परंपरेत आहे. योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी आपला शिळा सण असतो, त्या दिवशी भेटीगाठी आणि दानधर्म करतात. आठवडाभर आधीच शेजाऱ्यांना सांगून ठेवा, ‘दसऱ्याला आमचा उपास, सोनं दुसऱ्या दिवशी द्या आणि फराळाला या.’ आमच्या इमारतीत आता त्या दिवसाची वाट बघतात. मुलांनाही वर्षातला हा एक दिवस मिळतो जेव्हा त्यांचा सण दुसऱ्यांच्या घरात पोचतो, आणि आपण कोण हे ते आपल्या तोंडाने सांगतात.

सुक्कोथचा मांडव गच्चीत घाला, सोसायटीची परवानगी लेखी घ्या. छप्पर कापलेल्या पाल्याचं हवं, आणि आतून तारे दिसायला हवेत. कोकणात झावळ्या, इथे उसाचं वाडं. ओळखीच्या शेतकऱ्याला सांगितलं तर तो आणून टाकतो, सण झाल्यावर म्हशींना घालायला परत नेतो. वाड्याची पानं कापतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बांधा. हनुक्का आणि शाबुओथ घरात सहज होतात, त्यावर वेगळं लिहायला नको. बिरड्याचा रोजा, म्हणजे यरुशलेमचं मंदिर पडल्याचा उपास तिशा बआव, श्रावण शुद्ध नवमीच्या सुमाराला. उपास सोडायला वालाचं बिरडं, केळीच्या पानावर.

ताट

कोल्हापुरात राहून मटण नाही म्हणजे थट्टाच. पण इथे आपल्या पद्धतीने कापणारा कुणी नाही, तेव्हा एकतर मुंबईहून बर्फाच्या पेटीत मागवा, नाहीतर मासे आणि भाज्या. आणलेल्या मटणाचा पांढरा रस्सा मात्र बिनधास्त करा. तो नारळाच्या दुधावर होतो, आणि मांसाबरोबर दूध नको म्हणून आपण नारळाचं दूध पहिल्यापासून वापरतो. दह्यात मुरवायचं नाही, लिंबू लावा. हॉटेलातला रस्सा कितीही वास आला तरी नाही.

मासळी बाजारात मुलांना घेऊन जा, हा धर्माचा तासच आहे. पर आणि खवले दोन्ही हवेत: बांगडा, पापलेट, सुरमई, रोहू, कटला चालतात. कोळंबी, खेकडे, शिंपल्या, मोरी, वाम नाही. दाविद राहाबींनी आपल्या बायकांना मिश्र मासे रांधायला दिले आणि त्यांनी बिनखवल्याचे बाजूला काढले, त्यावरून त्यांनी आपल्याला ओळखलं अशी गोष्ट सांगतात. ती कट्ट्यासमोर उभं राहून सांगा, आणि मग टोपलीतले मासे मुलांना वेगळे करायला लावा. मासेवाली आधी वैतागते, मग तीही परीक्षा घ्यायला लागते.

गोड म्हणजे मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, ताटाभोवती पाच प्रकारची फळं. नवस फेडताना, परीक्षा पास झाल्यावर, नवीन घरात. एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं म्हणायचं आणि मलिदा वाटायचा. इथे मी साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ किसून घालते. पोहे ओलसर होतात, पण चव वेगळीच. तिश्रीतल्या खिरीच्या सणाला आजऱ्याचा घनसाळ तांदूळ वापरून बघा.

गोष्टी गाऊन सांगा

आपल्या लोकांनी १८८० च्या सुमारास मराठी कीर्तन सुरू केलं, योसेफ आणि मोशेची आख्यानं त्यात लावली. इस्रायलमध्ये गेलेल्या बायका अजून ती पदं म्हणतात. घरात कीर्तन उभं करायला नको, पण तोराच्या गोष्टी ओवीत बांधल्या की मुलं विसरत नाहीत. मी नातवंडांसाठी रचलेली सुरुवात अशी:

पहिली माझी ओवी गं, एकल्या देवाला
वाट दिली ज्यानं आम्हा तांबड्या दर्याला

पुढची ओवी मुलांनी करायची, त्या आठवड्याच्या पाराशावरून, म्हणजे तोराच्या भागावरून. तोराचे ५४ भाग आहेत, वर्षभर पुरतात. यमक मोडलं तरी चालेल, गोष्ट मोडता कामा नये. नात एस्तेर राणीवर रचते तेव्हा गोष्टीतल्या दुष्ट हामानाला कोल्हापुरी शिव्या पडतात. पुरीमच्या दिवशी मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

शाळा

शनिवारची सकाळची शाळा हा सगळ्यात अवघड विषय आहे आणि प्रत्येक घर वेगळं ठरवतं. आमच्याकडे मुलं जातात, लिहीत नाहीत; वर्गशिक्षकांना जूनमध्येच भेटून सांगायचं, वही रविवारी पूर्ण करायची. शनिवारी चाचणी आली तर महिनाभर आधी विनंती. बहुतेक शिक्षक ऐकतात. ‘असा काही धर्म आमच्या यादीत नाही’ म्हणणारा एक कारकूनही मला भेटलाय. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिलाय, तेव्हा फॉर्मवर ‘इतर’ लिहून गप्प बसू नका. त्या निर्णयाची छापील प्रत फाइलमध्ये ठेवा, तोंडाने वाद घालण्यापेक्षा कागद टेबलावर ठेवला की काम होतं.

दहा माणसं लागतात ते

कद्दिश (गेलेल्यांसाठी म्हणतात ती प्रार्थना), केदुशा (देवाच्या पावित्र्याची प्रार्थना), सेफेर तोरा (तोराची गुंडाळी) उघडून वाचणं, याला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. हे घरी होत नाही आणि झाल्यासारखं दाखवू नका. आईवडिलांच्या वर्षदिवशी इथे दिवा लावा, स्तोत्रं म्हणा. कद्दिशसाठी पुण्याला जा. सुंतेसाठी मोहेलला (सुंता करणाऱ्याला) बाळंतपणाच्या तारखेआधीच सांगून ठेवा, आठवा दिवस थांबत नाही. बार मित्स्वाची (तेराव्या वर्षी मुलाने तोरा वाचायच्या विधीची) तयारी निदान वर्षभर आधी सुरू करा: मुलाच्या वाट्याचा भाग कुठला ते हज्जानकडून ठरवून घ्या, त्यांच्या आवाजात रेकॉर्डिंग मागा, आणि मूल रोज शाळेच्या रिक्षात ते ऐकेल असं बघा. शेवटचे दोन-तीन महिने मात्र समोर बसून शिकायला हवं, फोनवर सूर दुरुस्त होत नाही.

वर्षातून एकदा तरी मुलांना कोकणात न्या. नवगावची जुनी दफनभूमी, अलिबागचं १८४८ चं मागेन अबोथ, रेवदंड्याचं बेथ एल. माघी पौर्णिमेच्या सुमाराला, तु बिश्वातला (शवातच्या पंधराव्याला), जमलं तर उत्तमच. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या रथाच्या खुणा दाखवतात तिथे त्या दिवशी मलिदा असतो. तेथ-वाव म्हणजे पंधरा, हे तिथे मुलांना न सांगता आठवतं.

पुण्याला शब्बाथसाठी जायचं तर शुक्रवारी दुपारपर्यंत पोचेल अशी गाडी पकडा आणि उतरायची जागा सिनेगॉगपासून चालण्याच्या अंतरावर घ्या, म्हणजे शनिवारी रिक्षा लागत नाही. आधी फोन करून किती जण येताय ते कळवा. मिनियानला (प्रार्थनेच्या दहा पुरुषांना) एक-दोन माणसं कमी पडत असतील तर तुमच्यामुळे भरतं, आणि त्यांनाही ते आधी कळलेलं बरं. २६ नोव्हेंबर २००८ नंतर दारावर पोलीस असतात, मुलांसकट सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा, मोठी बॅग नेऊ नका. मुलाला शेमा येत असेल तर हज्जानना तसं आधीच सांगा, ते त्याला पुढे उभं करतात.